सेस्ना १७२ : उड्डाणाआधी इंधन आणि कंट्रोल्स कसे तपासावेत

सेस्ना १७२ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानात इंधनाचा काटा टाकीत किती इंधन आहे ते अंदाजाने सांगतो. ते कोणते आहे, त्यात पाणी आहे का, टाकीला हवा मिळते आहे का, यातले काहीच तो सांगत नाही. तसेच योक (वैमानिकाच्या हातातले सुकाणूचे चाक) सहज फिरला म्हणजे पंखावरचा एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा हलता भाग) योग्य बाजूला वळला, असे होत नाही. म्हणून प्रीफ्लाइटचा (उड्डाणाआधीच्या तपासणीचा) भर कॉकपिटवर नको, पलीकडच्या टोकावर हवा: टाकीच्या तोंडाशी, ड्रेनखाली (इंधनाचा नमुना काढायची तोटी), व्हेंटच्या (टाकीत हवा येण्याच्या) नळीशी आणि शेपटीच्या बिजागरीपाशी.

पुढचे आकडे सेस्ना १७२एस या मॉडेलचे आहेत. त्यात लायकमिंगचे १८० अश्वशक्तीचे आयओ-३६०-एल२ए हे फ्युएल इंजेक्शनचे इंजिन असते. महाराष्ट्रातल्या फ्लाइंग क्लबांत १७२ ची जुनी मॉडेल्सही भेटतात. एम आणि एन मॉडेलांत कार्ब्युरेटर असतो, टाक्या लहान असतात आणि विजेवरचा पंप नसतो. आपल्या विमानाचे पीओएच (वैमानिकासाठीची माहितीपुस्तिका) शेजारी ठेवून वाचा. कुठे फरक आढळला तर पीओएचचे खरे धरा.

इंधनाची वाट आधी डोक्यात बसवा

दोन्ही पंखांत एकेक टाकी. एकूण ५६ यूएस गॅलन, त्यातले वापरता येणारे ५३, म्हणजे सुमारे २०० लिटर. प्रत्येक टाकीतले दीड गॅलन तळाशीच राहते, त्याचा हिशोब धरायचा नाही. टाक्या वर आणि इंजिन खाली, त्यामुळे इंधन आपल्या वजनानेच उतरते. आधी ते सिलेक्टर व्हॉल्व्हकडे येते (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारा: लेफ्ट, बोथ, राइट), तिथून छोट्या रिझर्व्हॉयर टाकीत, मग विजेवरच्या ऑक्झिलरी (मदतीच्या) पंपातून शटऑफ व्हॉल्व्हकडे, पुढे स्ट्रेनर (इंधनाची गाळणी) आणि इंजिनवर चालणारा पंप. तिथून फ्युएल-एअर कंट्रोल युनिट मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण) आणि थ्रॉटलप्रमाणे (पॉवरचा नियंत्रक) इंधन मोजून सोडते आणि इंजिनाच्या माथ्यावरचा वाटप-व्हॉल्व्ह ते चारही सिलिंडरांच्या नोझलला वाटतो.

हा क्रम पाठ असण्याचा थेट उपयोग आहे. स्ट्रेनर शटऑफच्या पुढे आहे. लाल शटऑफ नॉब ओढलेला असताना स्ट्रेनरचा नमुना घ्यायला गेलात, तर वरून ताजे इंधन येणारच नाही, नळीत अडकलेले थोडेसे तेवढे गळेल. सिलेक्टर लेफ्टवर असेल तर फक्त डाव्या बाजूची नळी तपासली जाईल. म्हणून ड्रेन करण्याआधी शटऑफ नॉब पूर्ण आत, सिलेक्टर बोथवर. जुन्या मॉडेलांत वेगळा शटऑफ नसतो, सिलेक्टरवरच ऑफची जागा असते.

सिलेक्टर प्रत्येक जागी खटका देऊन बसला पाहिजे. खटका लागत नसेल, मूठ मऊ फिरत असेल किंवा जोर लावावा लागत असेल, तर ते एएमईचे (विमान देखभाल अभियंत्याचे) काम आहे. दोन जागांच्या मध्ये अडकलेला व्हॉल्व्ह जमिनीवर इंजिन चालवण्यापुरते इंधन देतो आणि पूर्ण पॉवरला कमी पडतो.

टेकऑफच्या तोंडावर टाकी बदलू नका. नळीत आणि रिझर्व्हॉयरमध्ये उरलेल्या इंधनावर इंजिन काही वेळ ठणठणीत चालते, आणि नव्या टाकीकडून प्रवाह येत नाही हे कळते तेव्हा चाके जमिनीवर नसतात. टेकऑफ आणि लँडिंग बोथवरच. लेफ्ट किंवा राइट फक्त सरळ, समतल उड्डाणात.

टाकीत काठी बुडवा

शिडी लावा, झाकण काढा, काठी सरळ उभी बुडवा. विमान समतल जागी उभे हवे. ॲप्रनचा (विमाने उभी करायच्या जागेचा) उतार एका पंखाकडे असेल तर एक टाकी भरलेली आणि दुसरी कमी दिसते. काठी त्याच मॉडेलसाठी आखलेली हवी. २१ गॅलनच्या टाकीसाठी आखलेली काठी २८ गॅलनच्या टाकीत चुकीचाच आकडा दाखवणार.

आत पाहिले की भरण्याच्या तोंडापासून खाली उतरणारी एक पट्टी दिसते. इंधन त्या पट्टीच्या खालच्या कडेला टेकले म्हणजे त्या टाकीत वापरता येणारे साडेसतरा गॅलन, दोन्हींत मिळून ३५. चौघे बसणार असतील तर बहुधा एवढेच भरता येते, कारण टेकऑफच्या वेळचे कमाल वजन २,५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो आहे आणि पूर्ण भरलेले वापरण्याजोगे इंधन एकटेच १४४ किलोचे होते.

एककांत घोळ होतो तो इथेच. काटा गॅलनमध्ये, बाउझरचे (इंधनाच्या टँकरचे) मीटर लिटरमध्ये, लोडशीट किलोत. १ यूएस गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, आणि ॲव्हगॅसचे १ लिटर म्हणजे साधारण ०.७२ किलो. समजा काठीवर दोन्ही टाक्यांत मिळून २० गॅलन आहे आणि ३५ हवे आहे. १५ गॅलन म्हणजे ५७ लिटर, वजन ४१ किलो. भरून झाल्यावर काठी पुन्हा बुडवा. मीटर ५७ लिटर म्हणते आणि काठीवर दहाच गॅलन वाढलेले दिसते, तर विमान सोडू नका, आधी फरक शोधा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये २२,३०० किलो इंधन हवे होते. हिशोबात किलोऐवजी पौंडाचा गुणक धरला गेला, लिटरला ०.८ च्या जागी १.७७, आणि निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले. दोन्ही इंजिने हवेत बंद पडली आणि ते तरंगत मॅनिटोबातल्या गिमली इथे उतरवावे लागले. त्या विमानाची इंधनमापक यंत्रणा आधीच बंद होती, म्हणजे कॉकपिटमध्ये चूक पकडणारे दुसरे काही नव्हते.

काट्यावर शून्य दाखवल्यावर उरलेले इंधन उड्डाणात सुरक्षितपणे वापरता येत नाही, असे पीओएच स्पष्ट सांगते. क्रूझला तासाला १० गॅलन धरा आणि उतरताना किमान ४५ मिनिटांचे शिल्लक राहील असे पाहा.

इंधन भरताना

सगळ्यात आधी अर्थिंगची तार. ती जोडल्याशिवाय नोझल टाकीपाशी येऊ देऊ नका. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर वीज सहज साठते. तार उघड्या धातूला लागली पाहिजे, रंगावर लावलेली तार निरुपयोगी.

बाउझरवर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. १७२एसला ॲव्हगॅस १००एलएल लागते, ते निळे असते. जेट ए-१ रंगहीन किंवा किंचित पिवळसर असते. एकाच ॲप्रनवर डिझेल इंजिनाची आणि पेट्रोलची विमाने उभी असतील तिथे उभे राहून भरून घ्या. पेट्रोलच्या इंजिनात जेट इंधन गेले की ऑक्टेन कोसळतो. टॅक्सी करताना काही जाणवत नाही, पण टेकऑफच्या पॉवरला डिटोनेशन (सिलिंडरमधला अनियंत्रित स्फोट) होऊन पिस्टन फुटतात. थोडेसे मिसळले असेल तर निळा रंग फक्त फिका होतो, म्हणून रंगावर विसंबू नका. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. शुद्ध ॲव्हगॅस उडून जाते, जेट इंधन तेलकट डाग मागे ठेवते.

झाकण बंद केल्यावर हाताने हलवून पाहा. पंखाच्या वरच्या बाजूला उड्डाणात कमी दाब असतो. नीट न बसलेल्या झाकणातून इंधन भराभर ओढले जाते.

तेरा ड्रेन, तेराही तपासायचे

प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन: सिलेक्टर, रिझर्व्हॉयर, स्ट्रेनर. बरेच जण पंखाखालचा एखादाच ड्रेन दाबून पुढे जातात. टाकीचा तळ सपाट पातेल्यासारखा नसतो. आत रिब्ज आहेत, कोपरे आहेत, आणि पाणी ज्या कोपऱ्यात बसते तिथेच बसून राहते. म्हणून तर ड्रेन पाच आहेत.

भरल्यानंतर लगेच नमुना घेऊ नका. ढवळलेले पाणी खाली बसायला वेळ द्या, किमान पंधरा मिनिटे. रात्रभर उभ्या विमानाचा नमुना ते हलवण्याआधी घ्या. आधी पंखांचे ड्रेन, मग पोटाखालचे. उलट केले तर स्ट्रेनरमधून इंधन काढताना टाकीतले पाणी नळीत ओढले जाऊ शकते.

कप ड्रेनला सरळ खालून लावून वर दाबा आणि बऱ्यापैकी नमुना घ्या. मग तो पांढऱ्या कागदासमोर धरा. निळ्या आभाळासमोर धरला तर पाणीही निळे दिसते. पाणी जड असल्याने तळाशी थेंबाथेंबाने किंवा थर होऊन बसते आणि त्याची कड स्पष्ट दिसते. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे अख्खा कपच पाण्याचा असणे. मग कड दिसतच नाही आणि 'नमुना स्वच्छ' अशी नोंद होते. म्हणून रंग पाहा, वास घ्या, एक थेंब बोटावर चोळा. ॲव्हगॅस गार लागते आणि क्षणात उडते, पाणी ओले राहते. ॲव्हगॅसमध्ये शिशाचे संयुग असते, त्यामुळे हात धुवायला विसरू नका.

पाणी सापडले तर स्वच्छ येईपर्यंत नमुने घेत राहा. मग पंख हळू हलवा, शेपटी जमिनीकडे दाबा, थोडे थांबा आणि तेराही ड्रेन पुन्हा तपासा. विमान हलवल्यावर नवे पाणी आले तर कोपऱ्यात अजून साठा आहे. एवढे करूनही येतच राहिले तर उड्डाण रद्द. टाक्या रिकाम्या करून साफ कराव्या लागतात.

कपात आणखी काय दिसू शकते? रबरासारखे बारीक तुकडे आले तर टाकीच्या सांध्यांचे सीलंट सुटते आहे. काळे कण बहुधा होझचे किंवा ओ-रिंगचे. लालसर गाळ गंजाचा, आणि तो अनेकदा बाउझरमधून किंवा पिंपातून येतो, म्हणजे त्याच पिंपातून भरलेली बाकीची विमानेही तपासायला हवीत. एखादा ड्रेन दाबल्यावर गळतच राहिला तर दोन-तीनदा दाबून सोडा, मध्ये कचरा अडकला असेल. तरी थांबला नाही तर विमान जागेवरच. ड्रेनभोवती किंवा रिव्हेटच्या रांगेत निळा डाग दिसला तर तिथे गळती आहे: इंधन उडून जाते, रंग मागे राहतो.

पावसाळ्यात हे सगळे दुप्पट कसोशीने करा. कोकणपट्टीत आणि गोव्यात अर्धी भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की दमट हवेतले पाणी आत जमते. पण जास्त पाणी बहुधा झाकणातूनच येते. उन्हात झाकणाचे सील कडक होऊन तडकते आणि पंखावर साचलेले पावसाचे पाणी आत झिरपते. झाकण उलटे करून सीलवर बोट फिरवा, चीर डोळ्यांआधी बोटाला कळते.

व्हेंट

इंधन खाली जाते तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती डाव्या पंखाखाली, स्ट्रटजवळच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याजवळच्या) नळीतून येते. दोन्ही टाक्या वरून एका नळीने जोडलेल्या आहेत, आणि झाकणांनाही हवेची वाट असते. नळीचे तोंड बंद झाले आणि झाकणाची वाटही साथ देईना, तर टाकीत निर्वात तयार होऊन प्रवाह घटत जातो.

कुंभारमाशी आपले चिखलाचे घर बांधायला असेच छिद्र शोधते, व्हेंट असो वा पिटो (वेग मोजणारी नळी). दोन दिवस उभ्या विमानातही हे होऊ शकते. तोंडात डोकावून पाहा. चिखल दिसला तर काडीने आत ढकलू नका, आतला चेक व्हॉल्व्ह अडकेल. एएमईला बोलवा. नळी वाकलेली आहे का तेही पाहा. स्ट्रटच्या मागे तिची जागा आणि कोन मुद्दाम ठरवलेले आहेत. ती सरकली तर टाकीतला दाब बदलतो. पाव टाकीहून कमी इंधन असताना लांबलेली स्लिप किंवा स्किड (विमान आडवे सरकत उडणे) करायची नाही. एक टाकी रिकामी असेल तर मर्यादा ३० सेकंदांची.

तापलेले इंजिन

मे महिन्यात नागपुरात विमान उतरवून, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू करायचे, ही इंजेक्शनच्या इंजिनाची खरी परीक्षा. नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्या इंजिनाच्या माथ्यावर आहेत. बंद इंजिनाची उष्णता वर चढते, नळ्यांतल्या इंधनाची वाफ होते. थंड इंजिनाला पंप चालू करून, मिक्श्चर पुढे करून फ्युएल फ्लो स्थिर होईपर्यंत, तीन ते पाच सेकंद प्राइम करतात (सुरू करण्याआधी इंधन सोडतात). तेच तापलेल्या इंजिनाला केले तर ते फ्लड होते, म्हणजे त्यात जादा इंधन साचते. फ्लड झालेच तर मिक्श्चर आयडल कटऑफला (इंधन बंद), थ्रॉटल अर्धा ते पूर्ण उघडा, स्टार्टर फिरवा. इंजिन पकडताच मिक्श्चर पुढे आणि थ्रॉटल लगेच मागे. स्टार्टर एका वेळी १० सेकंद, मग २० सेकंद विश्रांती. असे तीनदा झाले की १० मिनिटे थांबायचे. घाईत हा नियम मोडला की स्टार्टर जळतो. सुरू झाल्यावर फ्युएल फ्लो तासाला एखाद्या गॅलनने वरखाली होत असेल तर ती वाफ आहे: ऑक्झिलरी पंप चालू करा, मिक्श्चर जुळवा, स्थिर झाल्यावर पंप बंद.

आता कंट्रोल्स

पहिले काम योकचे लॉक काढण्याचे. लाल फडके लावलेली ती पिन काढून ठरलेल्या जागी ठेवा. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ कंट्रोल लॉक न काढता उडाले आणि कोसळले. वैमानिकांची चेकलिस्ट त्यातून रुळली. तरी ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट गस्ट लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल्स वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेले) तसेच ठेवून धावपट्टीवर निघाले आणि विमानातले सातही जण दगावले. दोन्ही वैमानिक अनुभवी होते. तपासात निघाले की कंट्रोल्सची पूर्ण तपासणी ते बहुतेक उड्डाणांआधी करतच नव्हते.

बाहेर फिरताना प्रत्येक पृष्ठभाग हाताने हलवायचा, पण हळू.

एलेरॉन मागच्या कडेने उचला. एक वर गेला की दुसऱ्या पंखाचा खाली गेला पाहिजे. ठरलेली हालचाल वर २० अंश, खाली १५. ही तफावत मुद्दाम आहे, वळताना नाक उलट्या बाजूला ओढले जाऊ नये म्हणून. बिजागरीची पिन बाहेर सरकलेली नाही, तिच्या टोकाची कॉटर पिन जागेवर आहे, पुशरॉडचा बोल्ट आणि नट ठीक आहेत, हे वाकून पाहा. पुढच्या कडेतली समतोलाची वजने घट्ट आहेत का तेही.

फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा खाली उतरणारा भाग) पूर्ण खाली, ३० अंशांवर घेऊनच तपासा. वर असताना रोलर आणि ट्रॅक दिसत नाहीत. दोन्ही फ्लॅप सारखे उतरले आहेत का, रोलरला सपाट झीज आहे का, ट्रॅकला चीर आहे का ते पाहा. थोडी ढिलाई चालते, पण दोन बाजूंची ढिलाई सारखी हवी. उड्डाणात फ्लॅप १० अंशांपर्यंत असताना वेग जास्तीत जास्त ११० नॉट, त्यापुढे ८५. ही मर्यादा वारंवार ओलांडलेल्या विमानाचे ट्रॅक आणि रोलर ते सांगतात.

एलिव्हेटरचे (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) दोन्ही भाग एकत्र हलले पाहिजेत, वर २८ अंश, खाली २३. एक भाग धरून दुसरा अगदी हलके हलवा; मध्ये खेळ जाणवला तर जोड ढिला आहे. उजव्या भागावर ट्रिम टॅब (योकवरचा जोर हलका करणारी छोटी पट्टी) असतो. तो बोटाने हलका हलवा, टकटक असा खेळ लागता कामा नये. ढिला टॅब वेगात फडफडू लागतो, आणि ते फडफडणे पूर्ण शेपटीत पोचायला फार वेळ लागत नाही. ट्रिमचे चाक नाक वर या दिशेने फिरवा आणि टॅब खाली जातो का ते बाहेर येऊन पाहा. उलट जात असेल तर केबल उलटी बसवलेली आहे.

रडर (शेपटीचा उभा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा पृष्ठभाग) जमिनीवर जोर लावून फिरवू नका. १७२ मध्ये तो स्प्रिंगमधून पुढच्या चाकाला जोडलेला असतो. खालचे बेलक्रँक, केबलची टोके, बोल्ट आणि स्टॉप नुसते डोळ्यांनी पाहा. पूर्ण हालचाल टॅक्सीत पेडलने तपासा.

सगळ्या पृष्ठभागांच्या मागच्या कडेला पाणी निघून जाण्याची बारीक भोके असतात. धुतल्यावर साबणाचा थर, पावसाळ्यात चिखल, रंगकामानंतर रंग त्यांत बसतो. एलिव्हेटरच्या आत पाणी साठले की त्याचा समतोल मागे सरकतो आणि फ्लटरचा (वेगात फडफडण्याचा) धोका वाढतो. रंगाचे थर चढवत गेल्यानेही तेच होते, म्हणून रंगकामानंतर समतोल पुन्हा मोजावाच लागतो.

इंजिन सुरू झाल्यावर, धावपट्टीवर जाण्याआधी, योक पूर्ण डावीकडे घ्या आणि अंगठा वर करा. ज्या बाजूला अंगठा झुकला त्या बाजूचा एलेरॉन वर हवा. डोके वळवून दोन्ही पंख पाहा. मग उजवीकडे. मग योक पूर्ण मागे, पूर्ण पुढे, आणि मागे असतानाच पुन्हा डावी-उजवी, कारण एखादी वस्तू अडकली असेल तर ती अशा तिरक्या कोपऱ्यातच सापडते. शेवटी हालचाल ठक्क करून थांबली पाहिजे. रबर ताणल्यासारखी थांबली, खरखर लागली किंवा अर्ध्यात जड झाली तर परत फिरा.

केबलचा ताण ही एएमईची बाब, तरी एक गोष्ट वैमानिकाला माहीत असावी: ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलपेक्षा जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे उन्हाळ्यात ताण वाढतो आणि थंडीत उतरतो. डिसेंबरच्या पहाटे योक किंचित सैल वाटला तर त्याचे कारण हेही असू शकते, पण तेवढ्यावर न थांबता टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत) लिहा. कारण ठरवायचे काम केबलचा ताण मोजणाऱ्या मापकाचे आहे.

विमान नुकतेच मेंटेनन्समधून आले असेल आणि कंट्रोल्सना हात लागला असेल, तर दोन अधिकृत व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासल्याच्या सह्या लॉगमध्ये शोधा. त्या असल्या तरी दिशा स्वतः पाहा. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी एअर अस्तानाचे एम्ब्रेअर १९० मोठ्या मेंटेनन्सनंतर पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्काहून उडाले. एलेरॉनच्या केबली उलट्या जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकांनी सुमारे दीड तास झुंज देऊन ते कसेबसे बेजाला उतरवले. अशा वेळी 'मोकळे आहे का' हा अर्धाच प्रश्न असतो. एका माणसाला योकवर बसवा, तुम्ही पंखाच्या टोकाशी उभे राहा, आणि त्याने 'डावीकडे' म्हटल्यावर डावा एलेरॉन वर जाताना डोळ्यांनी पाहा. मग एलिव्हेटर, मग ट्रिम, मग फ्लॅप.